भाकरीसाठी की ख्रिस्तासाठी?
ओंगोलच्या ग्रामीण बाप्टिस्ट मंडळीच्या इतिहासावरून एक धडा

वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये २:३७-४७, १ करिंथ १:२६-३१, योहान ६:२२-३५



आमच्या तारनाक्याच्या घरी दर रविवारी दुपारी मुलांचा एक लहानसा वर्ग भरतो. बहुतेक मुले मराठी घरांतली. कोणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त लालागुड्यास येऊन राहिले, कोणाचे वडील अलीकडे बदली होऊन आले. काहींच्या घरी आई तेलुगू आहे. अशाच एका घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा एका रविवारी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळला. त्याचे वडील आमच्या नगरकडचे, आई ओंगोलकडची, बाप्टिस्ट घराण्यातली. तो म्हणाला, "काका, शाळेत मुलं म्हणतात, तुझ्या आईकडचे लोक दुष्काळात तांदळासाठी ख्रिस्ती झाले. खरं आहे का?"

मी जरा अभिमानानेच सांगितले, "अरे, तुझ्या आईच्या लोकांचा इतिहास साऱ्या जगाला ठाऊक आहे. एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला होता!" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे एवढे सगळे भुकेले होते?"

मला उत्तर देता आले नाही. आकडा मला पाठ होता, पण त्या आकड्यामागची माणसे मला ठाऊक नव्हती. त्यानंतर मी हा इतिहास नीट वाचून काढला. आपल्या शब्बाथशाळांच्या शिक्षकांपुढेही हा प्रश्न कधी ना कधी येतोच. म्हणून हा धडा.

१. नकाशावरचा एकटा तारा

बाप्टिस्ट हे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला परके नसावे. १८११ साली सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला तो बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी यांच्या हातून, आणि त्यांच्या पाठीशी वैजनाथ शास्त्री हे पंडित होते. विश्वास धरलेल्या माणसाने स्वतः कबुली द्यावी, मग पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा व्हावा आणि प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, ही या पंथाची ठळक शिकवण. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही शिकवण ध्यानात ठेवली पाहिजे.

अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू लोकांमधील काम १८३६ मध्ये सॅम्युएल डे यांनी सुरू केले. १८४० पासून ते नेल्लोरास राहिले. वर्षांमागून वर्षे गेली, पण फळ फारच थोडे. १८५३ मध्ये अमेरिकेतील मंडळापुढे हे ठाणे बंद करावे की काय असा विचार आला. ब्रह्मदेशात मिशनची कितीतरी ठाणी होती, आणि बंगालच्या उपसागराच्या या बाजूस नकाशावर नेल्लोरची एकच खूण होती. त्यावरून या कामाला 'एकटा तारा' असे नाव पडले. सॅम्युएल स्मिथ या कवीने त्यावर कविता लिहिली, आणि ठाणे वाचले.

त्यानंतर १८५४ च्या नववर्षाच्या पहाटे ओंगोलजवळच्या एका टेकडीवर पाच माणसे प्रार्थनेला बसली. लायमन ज्युएट हे मिशनरी, त्यांची पत्नी, आणि नरसू, ज्युलिया व रूथ हे तीन तेलुगू विश्वासणारे. त्या डोंगराला आजही प्रार्थनेची टेकडी म्हणतात. पाचांपैकी तिघे याच देशातले होते आणि तिघी स्त्रिया होत्या, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. मंडळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा एका साहेबाचे नाव घेतो आणि पुढे जातो. टेकडीवर मात्र पाच जण होते.

२. साहेबांच्या आधी पोचलेली सुवार्ता

जॉन एव्हरेट क्लफ १८६५ मध्ये भारतात आले आणि १८६६ मध्ये ओंगोलास राहू लागले. तरुणपणी त्यांनी अमेरिकेत जमीन मोजणीचे काम केले होते. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. १ जानेवारी १८६७ रोजी ओंगोलची मंडळी स्थापन झाली. सभासद आठ.

पण या मंडळीची मुळे ओंगोल गावात शोधू नका. ती सापडतात ओंगोलच्या पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवरच्या तल्लकोंडपाडू या खेड्यात. तिथे येर्रगुंट्ला पेरय्या नावाचा एक मनुष्य राहत असे. तो मादिग समाजाचा. चामडे कमावणे, चपला व मोटा शिवणे, मेलेली ढोरे ओढणे, गावच्या जत्रेत डफ वाजवणे, ही कामे गावाने या समाजाच्या माथी मारलेली होती. पेरय्या कातड्यांचा व्यापार करी आणि त्यासाठी दूरदूर हिंडे. तो मुळातच देवाचा शोध घेणारा होता, गुरू करून योगसाधना करणारा. व्यापारासाठी एलुरूकडे गेला असता तिथल्या मिशनऱ्याकडून त्याने प्रथम सुवार्ता ऐकली. १८६६ मध्ये तो व त्याची पत्नी नागम्मा यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर पेरय्या घरी बसला नाही. ज्या वाटांनी तो कातडी घेऊन जात असे, त्याच वाटांनी तो शुभवर्तमान नेऊ लागला. सोयरीक, बाजार, जत्रा, जिथे जिथे त्याची माणसे भेटत तिथे तो बोले. म्हणूनच १८६७ च्या जानेवारीत क्लफ साहेब तल्लकोंडपाडूस पोचले तेव्हा चिंचेच्या बनात लोक त्यांची वाट पाहत बसले होते. काही दिवस शिक्षण देऊन, प्रत्येकाची विचारपूस करून २८ जणांचा बाप्तिस्मा झाला. साहेब कापणीला आले होते. पेरणी आधीच झाली होती, आणि तीही चामड्याचे गाठोडे खांद्यावर वाहणाऱ्या माणसाच्या हातून.

३. दोन दारे, एक वचन

याच सुमारास ओंगोल गावातील काही उच्चवर्णीय तरुण व प्रतिष्ठित लोकही मिशनकडे येऊ लागले होते. तल्लकोंडपाडूची बातमी पसरताच त्यांनी कळवले की हे लोक मंडळीत घेतलेत तर आम्ही येणार नाही. साहेब मोठ्या पेचात पडले. गावातली शिकलेली, वजनदार माणसे हातची जाणार होती. कथा अशी सांगतात की ते एका खोलीत व त्यांची पत्नी दुसऱ्या खोलीत प्रार्थनेस बसली असता दोघांच्याही पवित्र शास्त्राचे एकच पान उघडले : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय पहिला, वचन २६ पासून. जगाने ज्यांना हलके व कमी प्रतीचे मानले त्यांनाच देवाने निवडले, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. दार मादिगांसाठी उघडे राहिले.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. ही कथा सांगताना आपण साहेबांच्या निर्णयाची वाहवा करतो. पण ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांनी आत येताना काय मोजले?

क्लफ साहेबांनी नव्या विश्वासणाऱ्यांना तीन साधे नियम घालून दिले होते. रविवारी काम करू नये. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नये. मूर्तिपूजा करू नये. लिहायला तीन ओळी, पण गावात पाळायला गेले तर प्रत्येक नियम गावगाड्याच्या एकेका चाकाला अडवणारा. रविवारी पाटलाच्या शेतावर गेले नाही तर बलुते बंद. मेलेले ढोर नको म्हटले तर ते ओढायचे कोणी? जत्रेत डफ वाजवला नाही तर साऱ्या गावाचा राग. मग मारहाण झाली, गावची वाट आणि पाणी बंद झाले, खोटे आरोप लागले.

मराठी वाचकांना दुसरी एक गोष्ट येथे आठवेल. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. तल्लकोंडपाडूच्या मादिगांनी त्याआधी साठ वर्षे तेच सोडले होते. ज्याला फक्त पोटाचीच चिंता आहे तो माणूस हातचे अन्न सोडील काय? हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. दुष्काळाच्या दहा वर्षे आधीच ही माणसे ख्रिस्तासाठी अन्न सोडून बसली होती.

४. दुष्काळ आणि कालवा

१८७६ मध्ये पाऊस फिरला. १८७६ ते १८७८ या काळातील तो दुष्काळ आपल्या नगर-सोलापूरकडेही तसाच पडला होता. दक्षिण भारतात लाखो माणसे मेली. सरकारी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढीच मजुरी देण्याचा हुकूम रिचर्ड टेंपल यांनी काढला, तोही याच दुष्काळात.

मद्रास सरकारने किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून काढले. मादिगांना या कामांवर वाईट वागणूक मिळे. मुकादम त्यांना हाकलून देत, मजुरीत फसवत. तेव्हा क्लफ साहेबांनी स्वतः कालव्याच्या साडेतीन मैलांचा ठेका घेतला. मोजणीचे काम येत असल्यामुळे हे त्यांना जमले. कालव्याकाठी छावणी पडली. झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या. मजुरांच्या टोळ्यांवर मुकादम म्हणून मंडळीचे सुवार्तिक नेमले गेले. छावणीत पटकी शिरली, माणसे मेली, तरी काम चालू राहिले.

आता पाहा. लोक दिवसभर माती खणत. थकून बसले की त्यांचा मुकादम, जो त्यांच्याच जातीचा, कधीकधी त्यांच्याच गावचा असे, त्यांच्याजवळ बसून बोले. त्यांना शिव्या न देणारा, मजुरी न कापणारा मुकादम त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. तो जे बोले ते ऐकावेसे वाटले यात नवल ते काय? पण एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही भाकर कोणी धर्मांतराच्या मोबदल्यात वाटलेली नव्हती. ती कुदळीने खणलेल्या मातीची मजुरी होती. ख्रिस्ती असो वा नसो, जो खणेल त्याला ती मिळे.

५. पंधरा महिने

आता आपण त्या मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आलो आहोत.

छावणीतले हजारो लोक बाप्तिस्मा मागू लागले. एखादा आकड्यांचा भुकेला मिशनरी असता तर त्याने तो तिथेच दिला असता. क्लफ साहेबांनी दिला नाही. धान्य आणि मजुरी हाती असेपर्यंत बाप्तिस्मा नाही, असे त्यांनी ठरवले. १८७७ च्या मार्चपासून १८७८ च्या जूनपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा महिने, एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. भूक सर्वांत तीव्र होती ते हेच महिने.

मदतीचे काम संपले. साहेबांनी लोकांना सांगितले की आता माझ्याजवळ द्यायला काही नाही, घरी जा. जूनमध्ये त्यांनी वेल्लमपल्ली येथे फक्त सुवार्तिकांची सभा बोलावली. पण सुवार्तिकांच्या मागोमाग खेड्यापाड्यांतून लोक चालत आले. धान्य नाही हे ठाऊक असून आले. आम्हांला मदत नको, बाप्तिस्मा हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

६. गुंडलकम्मेच्या काठी

वेल्लमपल्ली हे ओंगोलच्या उत्तरेस दहा मैलांवर, हमरस्त्यावरचे गाव. तिथून गुंडलकम्मा नदी वाहते. लोकांना गावागावांप्रमाणे बसवण्यात आले. ज्या सुवार्तिकाला जे लोक पूर्वीपासून ठाऊक होते त्यानेच त्यांची परीक्षा घ्यायची, असे ठरले. नावे लिहून घेतली गेली. २ जुलै १८७८ रोजी ६१४, ३ जुलैला २,२२२ आणि ४ जुलैला ७००, असे तीन दिवसांत मिळून ३,५३६ लोकांचे बाप्तिस्मे झाले.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा एका दिवसात कसा शक्य आहे, असा वाद विद्वान लोक घालत आले आहेत. गुंडलकम्मेच्या काठी त्याचे उत्तर मिळते. सहा दीक्षित तेलुगू पाळक होते. त्यांतले दोघे एका वेळी पाण्यात उभे राहत आणि थकले की दुसरे दोघे उतरत. सकाळी सहा वाजता सुरुवात झाली, भर दुपारी काही तास विसावा, मग संध्याकाळपर्यंत पुन्हा. कोणतीही घाई न करता सुमारे नऊ तासांत २,२२२ जण पाण्यातून वर आले. त्या दिवशी साहेबांनी स्वतः एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. ते काठावर उभे राहून व्यवस्था पाहत होते. पाण्यात उभे होते ते याच मातीतले पाळक.

त्या वर्षाअखेर नव्या विश्वासणाऱ्यांची संख्या ९,६०६ झाली, आणि ओंगोल मंडळीचे सभासद बारा हजारांच्या वर गेले. जगातली सर्वांत मोठी बाप्टिस्ट मंडळी असे तिला म्हणू लागले. पण ती शहरी मंडळी नव्हती. तिचे सभासद खेड्यांच्या वेशीबाहेरील वाड्यांतून राहत होते आणि दुसऱ्या दिवशी परत चामड्याला हात घालणार होते.

७. एकेचाळिसाव्या वचनानंतर

प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा, वचन ४१ मध्ये तीन हजारांचा आकडा आहे. आपण पुष्कळदा तिथेच थांबतो. लूक थांबत नाही. वचन ४२ मध्ये तो सांगतो की ते लोक शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले. मंडळीचा इतिहास खरोखर तिथे सुरू होतो.

ओंगोलातही तसेच झाले. बारा हजार मेंढरे आणि पाळक थोडे, ही केवढी काळजीची गोष्ट! रामापट्टणमच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून पाळक तयार करावे लागले. खेड्यांतून लहान लहान शाळा काढाव्या लागल्या. ज्या मुलाच्या बापाला गावच्या शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नव्हते, तो मुलगा वाचू लागला. पुढे एकट्या ओंगोलचे ते अफाट क्षेत्र विनुकोंडा, नरसरावपेट, बापटला, कंबम अशा निरनिराळ्या ठाण्यांत वाटले गेले. आमच्या तेलंगणातही सिकंदराबाद, हनमकोंडा, नलगोंडा येथे बाप्टिस्ट काम पसरले. १९६२ मध्ये तेलुगू बाप्टिस्ट मंडळ्यांचे 'समावेशम्' नोंदले गेले आणि कारभार या देशातील माणसांच्या हाती आला. क्लफ साहेब १९१० मध्ये प्रभूकडे गेले. मंडळी राहिली.

सगळेच शेवटपर्यंत टिकले असे मात्र कोणी म्हणू नये. जाळे टाकले की त्यात सर्व प्रकारचे मासे येतात, हे आपल्या प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे.

८. मुलाला मी काय सांगितले

पुढे एका रविवारी मी त्या मुलाला पुन्हा थांबवून घेतले. म्हणालो, "बाळ, तू विचारलेस ते खरे आहे. ते भुकेले होते. सगळे भुकेले होते."

तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मी त्याला पुढे सांगितले ते असे. भुकेले असणे ही लाजेची गोष्ट नाही. ज्या व्यवस्थेने शेत पिकवणाऱ्याला आणि मोट शिवणाऱ्याला उपाशी ठेवले, लाज तिला वाटली पाहिजे. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक भाकरी खाऊन तृप्त झाले म्हणून येशूला शोधत समुद्रापलीकडे गेले. येशूने ते त्यांना तोंडावर सांगितले. पण त्याने त्यांना आधी जेवू घातले होते, आणि भुकेबद्दल त्यांना हिणवले नाही. त्या भाकरीवरून तो त्यांना जीवनाच्या भाकरीकडे नेऊ लागला. भूक ही पुष्कळदा त्याच्याकडे येण्याची वाट असते. विचारायचा प्रश्न हा, की माणूस त्या वाटेने कुठवर गेला.

तुझ्या आईच्या लोकांपैकी पहिल्यांनी दुष्काळाच्या आधी मार खाल्ला आणि बलुते गमावले. पुढच्यांनी कालव्यावर घाम गाळून भाकर मिळवली. पंधरा महिने त्यांना बाप्तिस्मा मिळाला नाही आणि मदत संपल्यावर ते रिकाम्या हाताने आले. हे सगळे ठाऊक असल्यावर जो कोणी तुला तांदळाचा टोमणा मारील त्याला रागावू नकोस. त्याला एवढेच विचार, "तांदूळ संपल्यावरही ते का आले?"

मुलगा हसला. मग म्हणाला, "काका, आईला विचारतो, आमचं गाव कुठलं ते."

बंधुभगिनींनो, आपण शिक्षकांनीही हेच करावे. प्रत्येक मंडळीत अजून काही वृद्ध माणसे आहेत ज्यांना पहिल्या पिढीच्या गोष्टी ऐकून माहीत आहेत. त्या लिहून घ्या. वर्गणीच्या वह्या, बाप्तिस्म्याची नोंदवही वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. आणि लिहिताना फक्त मिशनरी साहेबांचे नाव व सभासदांचा आकडा लिहून थांबू नका. पेरय्या कोण होता, नागम्मा कोण होती, पाणी कोणी बंद केले, कोणी सोसले, हे लिहा. भूक होती तर तीही लिहा. देवाच्या कृपेला आपल्या पूर्वजांच्या गरिबीवर पांघरूण घालायची गरज नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. नकाशा काढून त्यात नेल्लोर, ओंगोल, एलुरू व गुंडलकम्मा नदी दाखवा. पेरय्याच्या प्रवासाची वाट रंगवा.
२. तीन नियमांपैकी कोणता पाळणे सर्वांत अवघड होते असे तुम्हांला वाटते? का?
३. क्लफ साहेबांनी पंधरा महिने बाप्तिस्मा दिला नाही, हे योग्य होते का? दुसऱ्या बाजूनेही विचार करा.
४. आपल्या मंडळीतील पहिले विश्वासणारे कोण? घरी विचारून पुढच्या रविवारी दोन नावे लिहून आणा. त्यांत एक नाव स्त्रीचे असावे.

प्रार्थनेचा विषय : आजही वेशीबाहेर, उपेक्षेत राहणाऱ्या खेड्यांतील लहान मंडळ्या आणि पगाराशिवाय त्यांची सेवा करणारे सुवार्तिक.